भरघोस बाजाराची गुप्त तपासणी

१ सप्टेंबर, सोमवार

आजपासून मी गुप्त आहे. हे वाक्य लिहून बरं वाटलं, म्हणून पुन्हा एकदा वाचलं.

सूर्यभानजी बोंडे यांनी सकाळी बोलावलं होतं. त्यांच्या ‘भरघोस सुपर बाजार’च्या तीन शाखा आहेत. एक अमरावतीत कॅम्पात, एक बडनेऱ्यात आणि एक अकोल्याला जुन्या शहरात. पाटी तीच, माल तोच, भाव तेच. पण तक्रारी येतात की एका ठिकाणी फरशीत तोंड दिसतं आणि दुसरीकडे पाय टाकवत नाही. कुठे काय, ते नक्की कोणी सांगत नाही.

“शेषरावजी,” ते म्हणाले, “तिन्ही दुकानं मले आता झेपत नाई. दसऱ्याले एक बंद करा लागते. जे सगयात घान, ते बंद. तुमी गिऱ्हाईक बनून जा, पाहा, अन् मले मार्क द्या. पन कोनाले पत्ता लागू देऊ नोका बरं.”

त्यांनी योग्य माणूस निवडला. जन्मभर मी कापसाची प्रत ठरवली. गाडी जिनिंगच्या फाटकातून आत येताना कापसात कचरा किती ते मी खुर्चीवरून सांगत असे. फरशी म्हणजे त्यापुढे काहीच नाही. त्यांनी मला फोटोचं ओळखपत्रही दिलं. ते कोणालाही दाखवायचं नाही, अशी अट आहे. मग दिलं कशाला, हे विचारायचं राहून गेलं.

घरी फक्त ललिताला सांगितलं. बायकोला सांगणं म्हणजे कोणाला सांगणं नव्हे. ती म्हणाली, “कोन्या दिवशी कोठी जानार ते आदल्या दिवशी सांगत जा, मले डब्याचं पाहा लागते.” मागणी रास्त आहे.

४ सप्टेंबर, गुरुवार

कॅम्प शाखा. काळा चष्मा लावला, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि हातात लग्नात मिळालेली पिशवी घेतली. आरशात मी मलाच ओळखू आलो नाही.

काय ती शाखा! दारातच फिनाईलचा वास. फरशी अजून ओली होती आणि पुसणारी बाई मला पाहताच बादली घेऊन पळाली, इतका कामाचा उरक. खिशातला पांढरा रुमाल काढून शेल्फांवरून फिरवला. कोणाला संशय येऊ नये म्हणून मधूनमधून शिंकलो. रुमाल जवळजवळ पांढराच राहिला. दुधाच्या फ्रीजपुढे तीन कामगार गप्पा मारत उभे होते, ते मात्र काही केल्या हलेनात. बाजूला व्हा म्हटलं तर म्हणाले, “साहेब, इकडची बिस्किटं पाहा.” बिस्किटं पाहिली.

इथे गिऱ्हाइकाला ‘साहेब’ म्हणतात. इतकंच नाही, मॅनेजर गजेंद्र स्वतः चहा घेऊन आला, कपबशीत. साध्या, अनोळखी गिऱ्हाइकाला! असं अगत्य मी कुठे पाहिलं नाही. शेवटी वस्तीचा गुण असतो. बंगलेवाल्यांची वस्ती, तिथलं दुकानही तसंच.

शंभरपैकी शहाण्णव. चार गुण बिस्किटांचे कापले, नरम होती.

९ सप्टेंबर, मंगळवार

बडनेरा. रेल्वेवाल्यांची वस्ती, त्यामुळे माझ्या फार अपेक्षा नव्हत्या. पण दारात ही मोठी रांगोळी! दर मंगळवारी घालत असावेत. इथला मॅनेजर श्याम म्हणून आहे. तो धावत बाहेर आला आणि म्हणाला, “या गावंडे साहेब, या.”

क्षणभर मी दचकलो. मग लक्षात आलं की बाजारात माझं नाव आहेच. इतकी वर्षं कापसात काढली, माणसं विसरत नाहीत. तपासणीशी त्याचा काही संबंध नाही. मी आवाज बदलून म्हणालो, “साखर कुठं आहे?” त्यानं खुर्ची आणली. इथेही चहा, आणि वर भजी.

अठ्ठ्याऐंशी.

१० सप्टेंबर, बुधवार

संध्याकाळी आचलबाई घरी आल्या होत्या. ललिताच्या भिशीतल्या. कॅम्पच्या गजेंद्रची ही बायको. सांजोऱ्या घेऊन आल्या होत्या. मी आत बसून सगळं ऐकत होतो. बिचारीला काय माहीत, तिच्या नवऱ्याचं नशीब पडद्यामागे बसलेल्या माणसाच्या हातात आहे! त्यांच्या सांजोऱ्या खाताना मला जरा अवघडल्यासारखं झालं. तरी चार खाल्ल्या.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

अकोला. मूर्तिजापूरमार्गे एसटीनं गेलो. हे लिहितानाही माझं डोकं तापलेलं आहे.

जुन्या शहरातल्या त्या गल्लीत ‘भरघोस’ची पाटी शोधावी लागते, कारण पाटीतला ‘भ’ पडून गेला आहे. दारात चपलांचा ढीग. लग्नघरी असतो तसा ढीग! त्यातून वाट काढत मी आत पाऊल टाकणार, तेवढ्यात हिरव्या साडीतली एक बाई हातात पोछ्याचा दांडा घेऊन आडवी आली.

“ओ काका, जोडे बाहेर.”

मी म्हणालो, “हे सुपर बाजार आहे की देऊळ?”

“देऊळ नसंन, पन फरशी आताच पुसली. बाहेर चिखल पाहा ना केवढा.”

“गिऱ्हाइकाला जोडे काढायला लावणारं दुकान मी आयुष्यात पाहिलं नाही.”

“मंग आज पाहून घ्या,” ती म्हणाली. “अन् मोजेही काढा, वल्ले झाले ते.”

ही या शाखेची मॅनेजर! माधवी तायडे. दुकानात एसी नाही, दोन पंखे गरगरतात. फ्रीज कॅम्पातून उतरवलेला जुना आहे, बाजूवर अजून ‘कॅम्प’ लिहिलेलं दिसतं. एक ट्यूबलाइट उघडझाप करते. भिंतीचा पोपडा निघाला तिथे कॅलेंडर लावलं आहे. मला कोणी साहेब म्हटलं नाही, खुर्ची दिली नाही, आणि चहाचं तर नावच नको.

आणखी ऐका. फरशीवर चक्क लहान लेकरं बसवलेली होती! आया सामान घेत फिरतात आणि पोरं खाली रांगतात. एक पोरगं तर फरशीवर सांडलेला मुरमुरा उचलून खात होतं आणि त्याची आई हसत होती. स्वच्छतेबद्दल या वस्तीत ही जाण! धान्य पाकिटात नाही, उघड्या कोठ्यांत. आपल्याकडची जुनी सवय, तुरीचा दाणा दाताखाली फोडल्याशिवाय कोणी डाळ घेत नाही. कॅम्पात ही सवय केव्हाच मोडली. इथे मात्र बाईनं प्रत्येक कोठीला झाकण, आत डाव आणि शेजारी वाटी ठेवली आहे, की घ्या, चाखा, टरफल या डब्यात टाका. म्हणजे उष्टं करायची उघड सोय.

नवा पांढरा रुमाल काढून सगळीकडे फिरवला. अगदी वरच्या फळीच्या मागेही. पांढराच राहिला. आज धूळ कमी असावी.

बाहेर आलो तर माझा एक जोडा ढिगात सापडेना. पंधरा मिनिटं उकिडवा बसून शोधला. मग ती मॅनेजरबाई आली, एका नजरेत उचलून दिला आणि म्हणाली, “काका, जोड्याची टाच गेली तुमच्या. लावून घ्या.”

एक्केचाळीस.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

फेरतपासणी संपली. कॅम्प तसंच चकाचक, या खेपेला चहासोबत चिवडा. बडनेऱ्यात श्यामनं माझ्या पायावर पाणी घालायचंच बाकी ठेवलं होतं. अकोल्याला पुन्हा जोडे काढले. मी म्हणालो, “बाई, तुमचं दुकान अशानं चालणार नाही.” ती म्हणाली, “चालते ना काका, तुमीच तर दुसऱ्यांदा आले.” या बोलण्याचे तीन गुण आणखी कापले.

२२ सप्टेंबर, सोमवार

आज घटस्थापना. चांगला दिवस पाहून सूर्यभानजींना अहवाल दिला. शिफारस: जुने शहर, अकोला शाखा बंद करावी. प्रवेशद्वाराशी अडथळा, ग्राहकांशी उद्धट वागणूक, फरशीवर लेकरं, उष्ट्याला उत्तेजन. ते म्हणाले, “बरं झालं, मायाही मनात तेच होतं.” दसरा झाला की कुलूप. तिथे बारा जण कामाला आहेत असं कळलं. वाईट वाटलं, पण कापसात कचरा असला की प्रत उतरते, त्याला ग्रेडर काय करणार?

२४ सप्टेंबर, बुधवार

ललिता अकोल्याला बहिणीकडे गेली, भाचेसुनेच्या बाळाचं बारसं आहे. घरात शांतता आहे. स्वयंपाक करणं अवघड नाही असं माझं मत झालं होतं, ते दुपारी बदललं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

पोहे संपले म्हणून सकाळी कॅम्पच्या ‘भरघोस’मध्ये गेलो. तपासणीला नाही, नुसता पोह्यांना. चष्माही नाही, टॉवेलही नाही.

मला आधी वाटलं, दुकान चुकलं. फिनाईल नव्हतं. दुसराच वास होता, कुजलेल्या कांद्याचा. दारापासून आतपर्यंत चिखलाच्या बुटांचे ठसे, काही आजचे, काही बरेच जुने. दुधाच्या फ्रीजखालून पाण्याचा ओघळ, त्यावर पोतं टाकलेलं, आणि पोत्याला शेवाळ. ते तिघं त्या दिवशी या फ्रीजपुढून का हलत नव्हते, ते आता दिसलं. पोछा कोपऱ्यात होता. इतका वाळलेला की धक्का लागला तर मोडेल. पोह्यांच्या रॅककडे वळलो तर आतून एक उंदीर निघाला. घाईत नव्हता. माझ्याकडे पाहून सावकाश मुरमुऱ्यांच्या बाजूला गेला, घरातल्या माणसासारखा.

मी ओरडलो. एक कामगार म्हणाला, “काका, घ्याचं असंन तं घ्या, नाई तं बाजूले व्हा.” मी काका! इथे!

तेवढ्यात गजेंद्र आतून आला, तोंडात घास होता. मला पाहिलं आणि तो घास तसाच राहिला.

“साहेब! आज? आज तं तुमचा दिवस नव्हता!”

माझा दिवस?

याला माझे दिवस कसे माहीत? पोहे न घेताच घरी आलो. विचार करतो आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी

विचार करून काही निघालं नाही, म्हणून ललिताला फोन केला. झालेलं बोलणं जसंच्या तसं उतरवतो.

मी विचारलं, “कॅम्पातल्या गजेंद्रला माझे तपासणीचे दिवस कोणी सांगितले?”

“म्या सांगतले,” ललिता म्हणाली. “म्हंजे आचलले सांगतले. आचलनं नवऱ्याले सांगतले अन् बडनेऱ्याले भावाले. श्याम तिचा भाऊ नाई काय.”

“अगं, मी गुप्त होतो!”

“अवो, गुप्त असा नाई तं काही असा, कोनाच्या दारात न सांगता जानं चांगलं दिसते काय? पाहुना येनार म्हटलं की बाई घर झाडते, पसारा आवरते, चहाचं आधन ठेवते. न सांगता गेले असते तं त्या गजेंद्रची किती फजिती झाली असती! आपल्या घरची रीत आहे का अशी?”

“म्हणजे मला सगळे ओळखत होते?”

“सगये. बडनेऱ्याची ते रांगोयी घालनारी पोरगी तं म्हने, तुमी नाकाले काही झालं नसताना शिंकता, मंग आमी हसू दाबतो.”

मी खुर्चीवर बसलो. मग विचारलं, “आणि अकोल्याला कोणाला सांगितलं होतं?”

“तेवढं मात्र चुकलं मायं,” ती म्हणाली. तिला खरोखर वाईट वाटलं होतं. “अकोल्याच्या दुकानात मायावालं ओयखीचं कोनीच नाई. त्या बिचारीले तुमी येनार हे माहीतच नव्हतं.”

ती पुढे बोलतच होती. आज बारशाचं सामान तिनं तिथूनच आणलं. “मी तं चप्पल काढून गेली बाप्पा. फरशीवर पान वाढून जेवा, अशी जागा. बहिनीच्या घरचं सगयं वाणसामान तेथचंच, खडा नाई की किडा नाई. त्या माधवीबाईले काल हेड ऑफिसातून फोन आला म्हने, दसऱ्यानंतर कुलूप. तरी पोछा मारून राहिली होती. मी म्हटलं, बाई, आता काहून पुसता? तं म्हने, कुलूप लागंन तवा लागंन, आज तं लेकरं खाली बसले ना.”

फोन ठेवला. तपासणीचे जपून ठेवलेले दोन्ही रुमाल काढून टेबलावर मांडले. कॅम्पचा जवळजवळ पांढरा. अकोल्याचा पांढरा. जन्मभर कापूस पाहिलेल्या माणसाला दोन पांढऱ्यांतला फरक दिसू नये, याची मला लाज वाटते.

२७ सप्टेंबर, शनिवार

सोपं आहे. सूर्यभानजींना कळवायचं की कॅम्पाची अवस्था ‘अलीकडे बिघडली’ आणि अकोल्याची ‘अलीकडे सुधारली’. माझी नजर चुकली हे कुठे यायला नको. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दुपारी तसं लिहून पाहिलं. चार दिवसांत उंदीर रॅकमध्ये इतका रुळत नाही, हे सूर्यभानजी ओळखतील. शिवाय शिफारस सही करून दिली आहे. नुसतं ‘सुधारली’ म्हटल्यावर ते दसऱ्याचं कुलूप थांबवणार नाहीत. कुलूप थांबवायचं तर माझी तपासणी खोटी होती असं सांगावं लागेल. आणि ती खोटी का होती हे सांगायचं तर, भजी खात, शिंका काढत हिंडणारा मी अख्ख्या जिल्ह्याला माहीत होतो, हे माझ्या तोंडानं सांगावं लागेल.

बारा माणसं. वर ती लेकरं.

मला जेवण गेलं नाही. अर्थात भातही करपला होता.

२९ सप्टेंबर, सोमवार

सांगितलं.

सूर्यभानजी संत्री सोलत बसले होते, शेंदूरजनाघाटच्या त्यांच्या बागेतली. मी उभ्यानंच बोललो, बसलो असतो तर धीर गेला असता. दिवस कसे फुटले, चहा, रांगोळी, उंदीर, सगळं सांगितलं. शिंकांचंही. तिथे त्यांच्या हातातली फोड खाली पडली.

मग म्हणालो, “मालक, तिन्ही दुकानांत खरी तपासणी एकाच ठिकाणी झाली. जिथे कोणालाच माहीत नव्हतं, तिथे. आणि त्याच दुकानाला मी नापास केलं, कारण तिथे मला कोणी साहेब म्हटलं नाही.”

त्यांनी खाली पडलेली फोड उचलून सालींत टाकली.

“शेषरावजी,” ते म्हणाले, “मंग मी तुमाले काहून ठेवू?”

“ठेवू नका,” मी म्हणालो आणि ओळखपत्र टेबलावर ठेवलं. “पण अकोल्याला कुलूप लावण्याआधी एकदा स्वतः जाऊन या. कोणाला न सांगता. तुमच्या घरातही.”

“माया बायकोचीही भिशी हाय,” ते म्हणाले. हसले नाहीत, पण फोडी मला दिल्या.

१ ऑक्टोबर, बुधवार

अकोल्याहून ललिताचा फोन. काल दुपारी एक जाडजूड म्हातारा जुन्या शहराच्या दुकानात आला. माधवीबाईनं त्यालाही जोडे काढायला लावले. त्यानं वाद घातला नाही. अनवाणी सगळं दुकान फिरला, तुरीचा दाणा फोडून पाहिला, टरफल डब्यात टाकलं आणि जाताना दारातल्या ढिगात बसून स्वतःचे जोडे शोधत राहिला. मग तिथूनच कोणालातरी फोन लावून मोठ्यानं ओरडला. उंदीर एवढाच शब्द बाहेर ऐकू आला.

अकोल्याचं कुलूप आता कॅम्पाला लागणार, आणि गजेंद्रची बदली गोदामावर झाली आहे. आचलबाई या महिन्याच्या भिशीला येणार नाहीत असं कळतं. ललिताला त्याचं फार वाईट वाटतं आहे. मला सांजोऱ्या आठवतात.

११ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळीच्या सामानाला ललिताला घेऊन अकोल्याला गेलो. ललिता म्हणाली, एवढ्या लांब कशाला? मी म्हणालो, डाळ चांगली मिळते.

पाटीवर नवा ‘भ’ बसला आहे. ट्यूबलाइट बदलली आहे. नवा फ्रीज आला आहे, त्याच्या बाजूवर काही लिहिलेलं नाही. मी दारातच जोडे काढले, मोजेही. माधवीबाईनं मला लगेच ओळखलं.

“आले का काका? म्हटलं, आता काही येत नाई तुमी. या खेपेले भांडन करा लागलं नाई.”

“दुकान बंद होणार होतं म्हणे?” मी विचारलं. विचारायला नको होतं, पण राहवलं नाही.

“होनारच होतं,” डाळ मापता मापता ती म्हणाली. “आमच्या पोरीईनं तं दुसरं काम पाहाले सुरुवात केली होती. पन हेड ऑफिसनं म्हने एक गुप्त मानूस पाठवला होता. कवा आला, कवा गेला, आमाले पत्ता नाई. त्यानंच मालकाले जाऊन खरं काय ते सांगतलं. तुमाले सांगते काका, तो मानूस भेटला ना, तं मी त्याच्या पाया पडीन. बारा घरं वाचवले त्यानं.”

ललितानं माझ्याकडे पाहिलं. मी तुरीकडे पाहिलं.

“कसा असेल हो तो?” मी विचारलं.

“असंन कोनीतरी लय हुशार. शांत, सभ्य. तुमच्यासारखा जोड्यासाठी भांडनारा थोडीच राहीन!” ती हसली आणि पिशवी माझ्या हातात दिली. “दाना फोडून पाह्यला का? पाहा, मंगच पैसे द्या.”

मी दाणा दाताखाली धरला. सांगावंसं इतकं वाटत होतं की डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं दात दुखला. आज पहिल्यांदाच मी खरोखर गुप्त होतो, आणि ते फार जड गेलं.